नकाशात वलांडी आणताना

माझ्या कामाचं नाव भारदस्त आहे: किनारा व्यवस्थापन आणि किनारी समाजाची आपत्तीला तोंड देण्याची क्षमता. प्रत्यक्षात माझा बराचसा वेळ सर्व्हे नंबर जुळवण्यात आणि अर्जाची पोच घेण्यात जातो. मुरूड तालुक्यातल्या एका कोळीवाड्यातलं हे काम त्यातलंच.

किनारा नियमनाची, म्हणजे सीआरझेडची, सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ची. ती आल्यावर किनारी जिल्ह्यांचे नकाशे नव्याने करायचे ठरले. मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवायची ठिकाणं हे सगळं गावपातळीच्या नकाशात दाखवायचं, असं २०११च्या अधिसूचनेपासून लिहिलेलं आहे. आमच्या हाती आलेल्या मसुद्यात मात्र घरांच्या पुढे नुसती कोरी वाळू होती.

देवळाच्या ओट्यावर तो कागद पसरला. भरतीरेषा, ना-विकास क्षेत्र असं मी समजावून सांगत होते. एका मावशीने मध्येच विचारलं, "मॅडम, यात आमची वलांडी कुठं हाय?"

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायचे बांबू आणि दोऱ्यांचे मांडव. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. हात इतके सवयीचे की बायका बोलता बोलता पाटी रिकामी करतात. पावसाळ्यात हे काहीच नसतं. तेव्हा तिथे शाकारलेल्या होड्या असतात, आणि त्यांच्या मधल्या वाळूवर कुणाचा हक्क आहे हे बाहेरच्याला कळत नाही. ही जागा 'रिकामी' राहिली तर काय होतं? उद्या तिथे पर्यटनाची सोय करायचा प्रस्ताव आला, की कुणीच बाधित होत नाही असा अहवाल बसल्या जागी लिहिता येतो. नव्या नियमांत भरतीरेषेपासून दहा मीटर सोडून किनाऱ्यावर तात्पुरत्या पर्यटन सोयींना वाव आहेच.

मोजणी आम्ही बोंबलाच्या हंगामात केली. मोबाइलवर जीपीएस लावून बायका पुढे, मी मागे. नकाशा १:४००० प्रमाणाचा, त्यामुळे चाळीस मीटरचा पट्टा कागदावर जेमतेम एक सेंटीमीटर भरतो. कोपरे बायकांनीच ठरवले: उंडीचं झाड, जुना बांध, पडका ओटा. फोटो काढताना वलांडीवर माल असला पाहिजे, हा आग्रहही त्यांचाच.

खरी अडचण पुढे आली. अर्धा वाडा म्हणाला, नकाशात काही नकोच. घरं वाढली आहेत, गावठाणाची मोजणी नाही, सातबारावर सरकारचं नाव. आज जागा दाखवली तर उद्या अतिक्रमणाची नोटीस येईल. ही भीती अडाणीपणाची म्हणून उडवून लावणारे तज्ज्ञ मी पाहिले आहेत, आणि ते चुकतात. कागदाने या लोकांना दिलं कमी आणि नेलंच जास्त. शेवटी घरांना हात न लावता फक्त सामाईक वापराचा पट्टा मागायचा, यावर एकमत झालं. घरांच्या गरजेचा आराखडा वेगळा मागायचा. मच्छीमार सोसायटीच्या सभासदांत होडीवालेच जास्त. म्हणून ठराव सोसायटीबरोबर ग्रामसभेचाही घेतला, नाहीतर सुकवणाऱ्या बायकांची सही कुठे आलीच नसती.

अर्जात आम्ही निसर्ग चक्रीवादळाचा मुद्दा घातला. ३ जून २०२०ला ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. इशारा मिळाल्यावर या वाड्याने होड्या ओढून याच पट्ट्याच्या मागच्या अंगाला नेल्या होत्या. पत्रे आणि माड गेले, होड्या बहुतेक वाचल्या. पट्ट्यावर बांधकाम असतं तर होड्या नेल्या असत्या कुठे? माझ्या खात्यातल्या अहवालांत 'क्षमतावृद्धी' या नावाखाली प्रशिक्षणांचीच यादी असते. होडी ओढायला मोकळी वाळू लागते, हे त्यात कुठेच येत नाही.

नकाशाच्या मसुद्यावरची जनसुनावणी अलिबागला होती. सभागृह गच्च, प्रत्येकाला बोलायला मोजकी मिनिटं. मी बोलायचं नाही हे आधीच ठरलं होतं. मावशीने फोटो उंच धरून सर्व्हे नंबर वाचला, लांबी-रुंदी सांगितली आणि कागद टेबलावर ठेवला. भाषणं तिच्याहून जोरदार झाली, पण आकडे घेऊन आलेले थोडेच. पोच घेतल्याशिवाय ती खाली उतरली नाही.

नंतरच्या नकाशात मासळी सुकवण्याचा पट्टा आला, आम्ही दिला होता त्यापेक्षा अरुंद. होड्या ओढण्याची जागा आली नाही. त्यासाठी नवा अर्ज गेला आहे, या वेळी पावसाळ्यातले, शाकारलेल्या होड्यांचे फोटो जोडून. पोचेची एक प्रत सोसायटीत आहे, एक माझ्याकडे आणि एक मावशीच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत.