तुम्ही विचारलंत म्हणून: तळ्यावर घर घेतलंतच कशाला?

पुण्याची आत्या, नाशिकचे मामा, ऑफिसात नवीन आलेली मंडळी, सगळे हेच विचारतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, टीव्हीवर आमचं बडोदं दिसलं, रस्त्यावरच्या मगरी दिसल्या, तेव्हापासून तर जास्तच, की अहो सारखं पाणी शिरतं तर तिथे घर घेतलंतच कशाला, बघून घ्यायचं ना.

बघूनच घेतलं होतं बाबांनी. पण भर उन्हाळ्यात. कोरडी, सपाट जमीन, स्टेशनपासून फार लांब नाही, भाव परवडणारा. जुन्या कागदावर गुजरातीत ‘खराबो’ लिहिलेलं होतं, म्हणजे आपला पोटखराबा, पिकाला निरुपयोगी जागा. शेजारच्या आजी, आम्ही त्यांना बा म्हणतो, नंतर सांगायच्या की इथे तलावडी, म्हणजे लहान तळं होतं, शिंगाडे लावायचे, थंडीत पाखरं उतरायची. मला ते खरं वाटलं २०१९ मध्ये. ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ ५०० मिमी पाऊस झाला, ते पाणी ओसरल्यावर मागे लिंबासाठी खड्डा घेतला तर वर दोन फूट मुरूम आणि विटांचे तुकडे, आणि त्याखाली एकदम काळा चिकट गाळ, त्यात नखाएवढे शंख, पांढरे पडलेले. धुवून डब्यात ठेवलेत मी ते.

मग मी या विषयाचं वाचत सुटलो. पाणथळ जागेला आधी निरुपयोगी म्हणायचं आणि मग कोरडी करायची हे जगभर झालंय. इंग्लंडच्या पूर्वेला फेन्स नावाचा मोठा दलदलीचा भाग आहे, १६३० च्या दशकात तिथल्या एका अर्लने आणि त्याच्या भागीदारांनी फर्मायडेन नावाच्या डच इंजिनियरला लावून पाट खणले, पाणी काढून शेती करायची म्हणून. पण ती जागा रिकामी कुठे होती, लोक तिथे मासे, बाम, पाणपक्षी, बोरू यावर जगत होते, त्यांनी बांध फोडले, दंगे केले. शेती झाली, उत्तम झाली, ते नाकारून चालणार नाही. पण तिथली माती म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर, पाणी गेलं की ती आक्रसते, हवा लागली की हळूहळू नाहीशीच होते. जमीन खचत गेली, नद्या वर आणि शेतं खाली अशी अवस्था, मग पवनचक्क्या, मग वाफेचे पंप, आज विजेचे आणि डिझेलचे. होम नावाच्या गावाजवळ १८५१ च्या सुमाराला एक लोखंडी खांब जमिनीत पुरला होता, वरचं टोक मातीच्या बरोबरीला ठेवून. तो आज चार मीटर बाहेर उभा आहे! खांब वर नाही आला, जमीन खाली गेली.

अमेरिकेत तर १८५० च्या कायद्याने दलदलीच्या सरकारी जमिनी राज्यांना देऊन टाकल्या, विकून त्या पैशातून कोरड्या करा म्हणून. आणि लोकांना दोष तरी किती द्यायचा, हिवतापाने माणसं मरायची, धान्य लागत होतं, हे सगळं खरंच होतं.

आमची काळी माती तशी नाहीशी होत नाही, इथलं कारण साधं आहे. पावसाचं पाणी कांसातून, म्हणजे आमच्याकडचे मोठे ओढे, तलावड्यांत जायचं, कोतरांत, म्हणजे नदीकाठच्या घळींत पसरायचं, मग सावकाश नदीला मिळायचं. तलावड्यांत भराव पडला, कोतरांवर इमारती आल्या, आता सगळं पाणी एकाच वेळी नदीकडे धावतं आणि नदीला जागा नसली की उलटं वळून आमच्या गल्लीत. २०२४ ला हॉलमध्ये कमरेएवढं होतं, बाबांचं लाकडी कपाट फुगून उघडेचना, आईचे फोटो आत. ते दोन दिवस मला अजून नीट सांगता येत नाहीत.

आणि याच बडोदे संस्थानाने डभोईजवळ वढवाणाचं तळं शेतीच्या पाण्यासाठी बांधलं होतं, हिवाळ्यात तिथे हजारोंनी पक्षी येतात, २०२१ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. म्हणजे पाणी साठवून शेती करणं आपल्याला माहीत होतं की.

आमच्या मागच्या गल्लीत एक तलावडी अजून शिल्लक आहे, अर्धीच. रात्री ट्रॅक्टर येऊन राडारोडा टाकून जातात. सोसायटीतल्या चौघांनी मिळून अर्ज दिलाय, मोबाइलवरचे फोटो जोडून, आणि उतारा काढला तर त्यावरही तेच लिहिलंय, खराबो. तो शब्द बदलून ‘तलावडी’ लिहा, एवढंच मागितलंय सध्या.