फणसाडच्या जंगलात चालताना

जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान. 1986 साली ते अभयारण्य झालं. साधारण 70 चौरस किलोमीटर, रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या मागच्या डोंगरात. मुरूडला येणारी बहुतेक गर्दी किनाऱ्यावरच थबकते, त्यामुळे सुपेगावच्या बाजूनं शिरलं की माणूस फारसा भेटत नाही. वन खात्याकडे नोंद करायची, ओळखपत्र जवळ ठेवायचं आणि गावातला वाटाड्या घ्यायचाच. ढोरवाटा एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की चुकायला वेळ लागत नाही, आणि मोबाइलच्या रेंजवर विसंबण्यात अर्थ नाही.

बिबट्या दिसेल म्हणून येणारे बहुधा हिरमुसून परततात. इथे बघायचं ते शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार. त्यासाठी सकाळी उजाडताच निघावं आणि तासाला किलोमीटरभरापेक्षा जास्त चालू नये. ऐन, किंजळ, जांभूळ असलेल्या दाट भागात मान वर करून बारीक फांद्यांच्या टोकांकडे बघायचं. पानं-काटक्यांचा मोठा गोळा दिसला की ते शेकरूचं घरटं. पण एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे शेकरू आत आहे असं नव्हे. त्यापेक्षा खाली बघा. कुरतडलेल्या सालींचा ताजा, ओलसर कचरा पडलेला असेल, तर ते नेमकं डोक्यावर आहे. चाहूल लागली की ते फांदीला चिकटून निपचित पडतं. लोंबणारी शेपटी तेवढी दिसते. तिथे बोट दाखवत ओरडलात तर संपलंच. दहा मिनिटं बसून राहिलात तर ते पुन्हा खायला लागतं.

पक्ष्यांचंही तसंच. बराच वेळ सगळं सामसूम, मग अचानक कोतवाल, निखार, सुतार असा मिश्र थवा येतो आणि पाच मिनिटांत पुढे सरकतो. मागे धावू नये. 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते; दाट झाडीत जास्त शक्तीची दुर्बीण फक्त हलते.

उन्हाळ्यात मात्र चालणं सोडून गाणीवर बसावं. गाण म्हणजे इथला बारमाही पाणवठा, आणि एप्रिल-मेमध्ये सगळं रान तिथेच येतं. चिमूटभर धूळ सोडून वारा बघायचा आणि वारा पाण्याकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसायचं. अत्तर, सिगारेट घरीच. भडक टी-शर्टही.

हिवाळ्यात खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगांना धक्का लागला की त्यांची लव उडते. अंगावर पडली तर चोळायचं नाही, त्यानं ती आणखी रुतते. चिकटपट्टी लावून उपटायची, मग धुवायचं. गवतातून आल्यावर गुडघ्यामागे आणि कमरपट्ट्याखाली गोचीड बघावी. ती चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिरगाळायची नाही. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली आणि माणशी दोन लिटर पाणी, एवढं सामान बस्स.

ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्यांनी किनाऱ्यावरच थांबावं.