पांढरीभोवतीचा खंदक

घोड नदीच्या खोऱ्यातलं ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या वस्तीचं टेकाड. गावकरी त्याला आणि त्याच्या फिकट मातीलाही पांढर म्हणतात. पसारा साडेतीन हेक्टरांचा, उंची भोवतालच्या काळ्या रानापेक्षा जेमतेम अडीच मीटर. ज्वारी निघून रान मोकळं झालं होतं, म्हणजे मोजणीला हाच काळ योग्य. ड्रोन ६० मीटरवरून उडवला. फोटोंचा ओव्हरलॅप, म्हणजे एकमेकांवर येणारा भाग, उड्डाणाच्या दिशेत ८० टक्के, शेजारच्या पट्ट्यांत ७० टक्के. त्या उंचीवर आमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे १.६ सेंटिमीटर.

दुपारी फोटोंवरून बनलेलं जमिनीच्या उंचीचं मॉडेल उघडलं, तर टेकाडाला वेढा घालणारा उथळ, गोल चर! इनामगाव याच नदीकाठचं. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातल्याच जोर्वे संस्कृतीच्या वस्तीभोवती तटबंदी आणि खंदक मिळाले. त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला: खंदक.

पण आरटीकेने, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक उपग्रह-मोजणीने मोजलेले दोन चेक पॉइंट मॉडेल तपासण्यासाठी हिशोबाबाहेर ठेवले होते. ज्यांना धरून मॉडेल बसवलं ते काठावरचे सहा कंट्रोल पॉइंट दोन-तीन सेंटिमीटरांत जुळत होते, तर माथ्यावरचा चेक पॉइंट मॉडेलमध्ये ३४ सेंटिमीटर खाली बसला होता. माथ्यावर वेडी बाभूळ माजलेली, म्हणून आम्ही कंट्रोल पॉइंट फक्त कडेने लावले होते आणि फोटोही सगळे सरळ खाली बघून घेतलेले. अशा वेळी भिंगाच्या वक्रतेचा हिशोब किंचित चुकतो आणि सगळी जमीन बशीसारखी मध्ये दबते. बशीत टेकाड ठेवलं की भोवती चर दिसणारच. त्यात उंचीचे रंग ताणून दाखवले की तो आणखी ठसठशीत होतो.

दुसऱ्या दिवशी माथा आणि उतारावर पाच कंट्रोल पॉइंट वाढवले, आडव्या पट्ट्यांत दुसरं उड्डाण केलं आणि कॅमेरा २५ अंश कलता ठेवला. चेक पॉइंटची चूक ४ सेंटिमीटरांवर आली. खंदक नाहीसा झाला. बाभळीखालची जमीन मात्र फोटोंतून मिळत नाही. तेवढा भाग नकाशावर रिकामा ठेवला.

उरली ती दक्षिणेची सव्वा मीटरची सरळ कड. निसर्ग इतकी सरळ रेघ मारत नाही. अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांचे १९६०-७२ दरम्यानचे फोटो १९९५मध्ये खुले झाले. त्यांतला एक आम्ही देऊळ आणि जुन्या विहिरी धरून नकाशावर बसवला होता. त्यात पांढरीचा फिकट डाग दक्षिणेला ४० मीटर पुढे जातो. बसवण्यातली चूक सहा मीटरांची, म्हणजे हा फरक खरा: तेवढं टेकाड नंतर कापलं गेलं.

बांधावरच्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "हितली पांढर आमच्या आज्यापास्नं रानात जातीया. खत म्हणून लई चांगली."

पलीकडच्या रानात जोर्वेची खापरं होतीच: पातळ, तांबूस, काळ्या रेघांची, टिचकी मारली की खणखणणारी. पण ती मातीबरोबर गाडीने आलेली. खापरं दिसतात तिथवर वस्तीची हद्द धरली असती, तर वस्ती आहे त्याहून मोठी ठरली असती. खापरांचा तो भाग तुटक रेषेने दाखवला.

कापलेल्या कडेत चोपलेल्या मातीच्या तीन जमिनी आणि मधले राखेचे थर उघडे पडले होते. उभी बाजू वरून दिसत नाही. म्हणून कडेच्या १४ मीटर लांबीचे मिळून २१० फोटो हातातल्या कॅमेऱ्याने, ऊन कडेवर येण्याआधी घेतले. जूनच्या पावसात ती कड ढासळणार होती.