आप्पांना आढीचा वास येईना झाला तेव्हा

पडवीत बसून लिहितेय, दुपारपासून दोनदा लाइट गेली, नेट येतं-जातं, आणि मागच्या खोलीत पेंढ्यात आंबे पिकायला आढी घातलीय तिचा वास सगळ्या घरात भरलाय. दहा दिवसांची रजा काढून देवगडला घरी आलेय. आल्यापासून रोज कोणीतरी विचारतंच की मुंबईला तू नक्की करतेस काय, डॉक्टर आहेस तर जरा बीपी बघ. मी तसली डॉक्टर नाही. मी लॅबमध्ये पार्किन्सन्सवर काम करते, म्हणजे आपला कंपवात, त्यात मेंदूतल्या पेशी का मरतात ते शोधायचं काम. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. काल शेजारच्या काकींनी आप्पांकडे बघत हळूच विचारलं, "गो बाय, ह्येच्यार औषध कधी येतला?"

मी म्हटलं काम चालू आहे काकी. हे उत्तर अर्धवट होतं, ते मला रात्रभर टोचत राहिलं, म्हणून इथे नीट लिहिते.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. आमच्या घरात आढीचा शेवटचा शब्द त्यांचा. सकाळी दार उघडून नुसते उंबऱ्यावर उभे राहायचे आणि सांगायचे, खालचा थर आज काढा, वरच्याला दोन दिवस आहेत. पेंढ्याला हात न लावता. मग एका मे महिन्यात ते फळ अंगठ्याने दाबून बघायला लागले आणि काकीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारायला लागले, "आला काय गो वास?" आम्हाला वाटलं सर्दी असेल, वय झालं. त्याच सुमारास रात्री झोपेत हातपाय झाडायचे, ओरडायचे, एकदा काकीला जोरात लाथ लागली तेव्हापासून तिने अंथरूण वेगळं केलं. पोट साफ होत नाही ही तक्रार तर रोजचीच. पण हात एकदम स्थिर होता, आंबे काढायचा झेला घेऊन बागेत फिरत होते, म्हणून कोणालाच काही वाटलं नाही. उजवा हात थरथरायला लागला तो त्यानंतर सहा वर्षांनी, पेपर वाचताना, जपमाळ ओढावी तसा अंगठा तर्जनीवर फिरत राहायचा.

त्या तिन्ही गोष्टी, वास जाणं, झोपेत हातपाय झाडणं, बद्धकोष्ठ, कंपाच्या कितीतरी वर्षं आधी येऊ शकतात हे मला लॅबमध्ये आल्यावर कळलं. एकेकटी गोष्ट हजार कारणांनी होते, त्यामुळे सर्दी झालेल्या कोणी घाबरू नये. पण २००३ मध्ये हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासून मांडलं की बऱ्याच जणांत हा आजार मेंदूच्या खालच्या टोकाला आणि वासाच्या केंद्रात सुरू होतो आणि हळूहळू वर सरकतो. डोपामिन, म्हणजे हालचाल ताब्यात ठेवणारं मेंदूतलं रसायन, तयार करणाऱ्या पेशींचा जो काळसर पट्टा मेंदूच्या मध्यात असतो तिथे तो नंतर पोचतो. आणि हात थरथरायला लागेपर्यंत त्या पट्ट्याचं जवळपास निम्मं किंवा जास्तच नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणजे आप्पा आढीसमोर उभे राहून काकीला वास विचारत होते तेव्हाच ते सगळं चालू झालेलं असणार, आणि मी तेव्हा एमएस्सी करत होते, बायोकेमिस्ट्रीत, समोर बसून आंबा खात होते.

आता मी रोज काय करते ते. अल्फा-सिन्युक्लिन नावाचं एक प्रोटीन आहे, १४० अमिनो अॅसिडची छोटी माळ, आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असते, निरोगी माणसातही. ती एरवी सैल असते. पार्किन्सन्समध्ये तिची घडी चुकते, आणि चुकीची घडी पडलेल्या माळा एकमेकींना चिकटून दोरे होतात, दोऱ्यांचे गोळे होतात. हे गोळे फ्रेडरिक लेवी यांनी १९१२ मध्ये पहिल्यांदा पाहिले, पण त्यात मुख्यतः हेच प्रोटीन असतं हे कळायला १९९७ उजाडलं.

घरी समजावताना मी विरजणाचं सांगते आणि ते सगळ्यांना पटतं. आम्ही शुद्ध प्रोटीन एका प्लेटमध्ये घालतो, ३७ डिग्रीला हलवत ठेवतो, त्यात एक रंग असतो जो दोरे झाले की चमकतो, आणि मशीन दर काही मिनिटांनी चमक मोजत बसतं. पहिले काही तास, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही, सरळ रेघ. मग अचानक रेघ वर चढते. पण आधीचे तयार दोरे चिमूटभर घातले तर ती वाट बघण्याची वेळ जवळजवळ उरतच नाही, चमचाभर दह्याने पातेलंभर दूध लागावं तसं. माझं काम त्या सरळ रेघेवर आहे. ती लांबवता येते का, कशाने लांबते, लांबली तर पेशी वाचतात का. गेल्या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि उणे ८० चा फ्रीझर गरम झाला, चार महिने शुद्ध करून ठेवलेलं प्रोटीन वाया गेलं, त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ते प्रोटीन बनवून देणारे बॅक्टेरिया वाढवायला घातले.

याच विरजणाच्या गुणावर आता टेस्ट निघालीय. माणसाच्या पाठीच्या मणक्यातलं थोडं पाणी घ्यायचं, शुद्ध प्रोटीनमध्ये घालायचं, लागतं का बघायचं. २०२३ मध्ये हजाराहून जास्त लोकांवरचा अभ्यास आला, त्यात पार्किन्सन्सच्या साधारण ८८ टक्के रुग्णांत ती पॉझिटिव्ह आली, आणि ज्यांचा वास गेला होता त्यांच्यात ९७ च्या आसपास. मी ते आकडे वाचले तेव्हा मला आप्पांचा उंबरा दिसला. पण रुग्ण आधी ओळखता आला तरी आजार थांबवणारं औषध अजून कोणाकडे नाही. शेजारच्या काकींना मी हे सांगायला हवं होतं.

त्रास कमी करणारं मुख्य औषध आहे ते लेव्होडोपा. डोपामिन थेट मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. आणि हे आपल्या कुंपणावरच्या खाजकुयलीच्या बियांत असतं, हीच ती खाजकुयली जिची कुसं शाळेत पोरं एकमेकांच्या अंगावर टाकायची. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये या बियांतून ते वेगळं काढलं होतं, माणसांना पार्किन्सन्ससाठी ते द्यायला सुरुवात झाली १९६१ मध्ये व्हिएन्नात. हे सांगितल्यावर वाडीतले दोघे लगेच बिया गोळा करायला निघाले, त्यांना थांबवलं. प्रत्येक बीमधलं प्रमाण वेगळं, उलट्या होतात, बीपी पडतं, भासही होऊ शकतात, आणि गोळीत त्याच्याबरोबर दुसरं औषध असतं जे त्याचं शरीरात भलतीकडेच डोपामिन होऊ देत नाही, ते बीत कुठून येणार. प्लीज कोणी घरी प्रयोग करू नका.

या दहा दिवसांत माझा खरा उपयोग एकाच ठिकाणी झाला. आप्पा म्हणत होते दुपारची गोळी लागू पडत नाही, जेवल्यावर पाय जमिनीला चिकटतात. मी दोन दिवस बघितलं. ते गोळी बांगड्याच्या कढीबरोबर, जेवता जेवता घेत होते. माशातलं प्रोटीन पचलं की त्याची अमिनो अॅसिडं आणि हे औषध आतड्यातून आणि मेंदूत जायला एकाच दारात रांग लावतात. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. काकीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने मोठं लिहिलंय, सव्वाबारा गोळी, एक वाजता मासे.

आज जेवण झाल्यावर आप्पा उठून आपले आपण मागच्या खोलीपर्यंत गेले. उंबऱ्यावर उभे राहिले, मला हाक मारली, आणि म्हणाले तू सांग. मी वास घेतला आणि म्हटलं खालचा थर उद्या. त्यांनी वाकून एक फळ अंगठ्याने दाबलं आणि म्हणाले, "नाय गो, आजच."

आजच होता. पेंढा काढून बघितला तर खालचे सगळे तयार.