साखरपाण्याचा पिंजरा

इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक प्यायलेल्या मधमाश्यांमध्ये एक जनुक चौपट जोरात चालतंय असं आकड्यांत पहिल्यांदा दिसलं, त्या दिवशी मी प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना चहा पाजला. ते चौपट खोटं होतं. का खोटं होतं हे शोधण्यात एमएस्सीच्या प्रबंधाचे पुढचे चार महिने गेले.

विषय ऐकायला सोपा होता. कीटकनाशकाची मात्रा माशी मरेल इतकी नसेल, तरी तिच्या आत काही बदलतं का? जनुकं तीच राहतात, पण कोणतं किती चालावं हे बदलू शकतं. घरी आजोबांना मी कालव्याच्या पाळीवरून समजावलं होतं : जमीन तीच, पाणी कुठल्या वाफ्यात किती वेळ सोडायचं एवढाच प्रश्न. मधमाशीत तर ही पाळी फार मोठी कामं करते. राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून निघतात, फरक पडतो तो खाण्याने. २००८ साली डीएनएवर मिथाइलच्या खुणा लावणारं एक विकर अळ्यांमध्ये दाबून पाहिलं, तर कामकरी व्हायच्या अळ्यांतल्या बऱ्याचशा राणीच्या वळणावर गेल्या.

मला सातेरीवर, म्हणजे आपल्याकडच्या आशियाई मधमाशीवर, काम करायचं होतं. महाबळेश्वरकडच्या एका मधपाळ काकांनी तीन पेट्यांतून बंद पिलाव्याची, म्हणजे मेणाने बंद केलेल्या घरांतल्या पिल्लांची, एकेक चौकट दिली. त्या थर्माकोलच्या खोक्यात, गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवून एसटीने पुण्याला आणल्या. पसरणी घाटात कंडक्टरने खोक्याला कान लावला आणि मला मागच्या सीटवर बसवलं.

चौकटी ३४ अंशांच्या उबवणीत ठेवल्या. माश्या बाहेर आल्या की त्याच दिवशी प्लास्टिकच्या बरणीत तीस-तीस भरायच्या. झाकणात टोक कापलेली सिरिंज उलटी खोचायची, तिच्यात निम्मी साखर असलेलं पाणी. निम्म्या बरण्यांना नुसतं साखरपाणी, निम्म्यांना लिटरला ५ मायक्रोग्रॅम इमिडाक्लोप्रिड घातलेलं. माशी दिवसाला २० मायक्रोलिटर पिते असं धरलं तर तिच्या पोटात ०.१ नॅनोग्रॅम जातं. युरोपी माशीसाठी निम्म्या माश्या मारणारी तोंडावाटेची मात्रा ३.७ नॅनोग्रॅम धरतात. त्याच्या पुढे हे काहीच नाही. पण माश्या एकमेकींना तोंडातून भरवतात, त्यामुळे ‘एका माशीला इतकं’ हा हिशेब कागदावरच राहतो. बरणी हेच एकक धरायचं, हे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आधीच बजावलं होतं. हे औषध उजेडात विघटतं हेही त्यांनीच सांगितलं, म्हणून प्रत्येक सिरिंजला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. फ्रीजमधल्या वाटाण्याच्या पिशव्यांसारखी ती रांग दिसायची.

दहाव्या दिवशी माश्या गोठवायच्या. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करणं सोपं, पण त्या वायूनेच माशीच्या अंतर्गत कारभारात फरक पडतो. म्हणून बर्फ, आणि सगळ्या बरण्या सकाळी अकरा ते बारामध्येच. दिवसाच्या वेळेनुसारही जनुकं वरखाली होतात. अर्ध्या बरण्या सकाळी आणि अर्ध्या संध्याकाळी उरकल्या असत्या, तर मी विषाऐवजी घड्याळ मोजलं असतं.

मग डोकी वेगळी करून आरएनए काढला; जनुक जितकं जोरात चालतं, तितका त्याचा आरएनए जास्त. ट्रायझॉल, क्लोरोफॉर्म, आयसोप्रोपेनॉल; या पायऱ्या कुणीही शिकतं. माझ्या नळीच्या तळाशी मात्र गुलाबीसर गोळा बसला. मला तो सुंदर वाटला. क्यूपीसीआर, म्हणजे आरएनए किती आहे ते मोजायची अभिक्रिया, लावलं तर आकडे पिसाटल्यासारखे. त्यात सीटी नावाचा आकडा मिळतो, म्हणजे कितव्या फेरीत संकेत उमटला; जितका लवकर, तितका तो आरएनए मुळात जास्त. नमुना दहापट पातळ केला की सीटी साधारण ३.३ ने वाढायला हवा. माझा जेमतेम एकने वाढला. म्हणजे घट्ट नमुन्यात काहीतरी होतं जे अभिक्रियाच अडवत होतं आणि पातळ केल्यावर सैल सोडत होतं. पीएचडी करणाऱ्या एका सीनियर दादाने नळी उजेडाला धरली आणि म्हणाला, “डोळे काढलेस का?” माशीच्या संयुक्त डोळ्यांतलं रंगद्रव्य पीसीआरला खीळ घालतं. पुढचे तीन आठवडे मी कोरड्या बर्फावर ब्लेडने मधमाश्यांचे डोळे छाटत होते. स्वप्नातही तेच.

प्रायमरचा, म्हणजे हवं ते जनुक हेरणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचा, घोळ थोडक्यात सांगते. मी ते युरोपी माशीवरच्या शोधनिबंधांतून उचलले होते, पाचातले दोन सातेरीत चालले नाहीत. आशियाई माशीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा जनुकीय मजकूर, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, त्यावरून नवे बनवले. ते आधीच करायला हवं होतं.

आणि ते चौपट? इतर जनुकांची तुलना ज्याच्याशी करायची, ते जनुक स्थिर असावं लागतं. मी सगळे घेतात म्हणून ॲक्टिन घेतलं होतं. विषाच्या गटात ॲक्टिनचाच सीटी जवळपास एकने सरकला होता. मोजपट्टीच आखडली, म्हणून कापड लांब दिसलं. चौपट म्हणजे दोन सीटींचा फरक, त्यातला एक ॲक्टिननेच खाल्लेला. मग रायबोसोमची दोन जनुकं मोजपट्टी म्हणून घेतली आणि फरक दुपटीच्या आसपास येऊन थांबला.

हे घेऊन मॅडमकडे गेले तर त्यांनी एकच विचारलं, “परागकण दिले होतेस?”

नव्हते दिले. मी पाहत होते ती जनुकं सायटोक्रोम पी४५० गटातली, विष फोडणाऱ्या विकरांची. मधमाशीकडे ती आहेत ४६. फळमाशीकडे ऐंशीच्या वर. आधीच तुटपुंजी फौज. तिला जागं करणारा एक पदार्थ, पी-कुमॅरिक आम्ल, परागकणांत असतो, हे २०१३ साली दाखवलं गेलं. नुसत्या साखरेवरच्या माश्यांना तो मिळतच नाही. म्हणजे ज्या पिंजऱ्याला मी ‘काही न केलेला’ म्हणत होते, त्यातल्या माश्यांची मी दहा दिवस उपासमार केली होती. माझं दुप्पट हे कशाच्या दुप्पट होतं?

पुन्हा चौकटी, पुन्हा एसटी. या वेळी काकांनी वरच्या रानातल्या पेट्यांतले परागकण दिले, खालचे नकोत म्हणाले. “खाली फवारतात ताई. माशी दाणा आणते तो धुऊन थोडाच आणते?” सगळ्या बरण्यांना तेच दिले. साखरपाण्याच्या गटातच ती जनुकं पहिल्या वेळेपेक्षा वर आली. विषाच्या गटात दोन पेट्यांच्या माश्यांत त्याहून थोडी वर गेली. तिसऱ्या पेटीच्या दोन्ही गटांत काहीच फरक नाही, दोन्ही आधीपासूनच वर. तीन पेट्यांवरून सिद्ध काही होत नाही, हे प्रबंधात मी स्वच्छ लिहिलं. बाहेरच्या परीक्षकांनी तेच वाक्य वाचून दाखवलं आणि पुढे गेले.

निकालानंतर काकांना फोन केला. चौकटी परत द्यायच्या होत्या, आणि त्यांना सांगायचं कबूलही केलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“तिसरी म्हणजे कुठली? निळ्या झाकणाची?”

“हो.”

“ती संक्रांतीपर्यंत खाली स्ट्रॉबेरीच्या बांधावर होती की. मग वर नेली.”

मी वही उघडली. पेटीचा नंबर होता, चौकट काढल्याची तारीख होती, खोक्यातलं तापमान दर अर्ध्या तासाला लिहिलेलं होतं. पेटी त्याआधी कुठे उभी होती, ते मी विचारलंच नव्हतं.