कॅम्पर ट्रेलर, नोंद सहावी: पाणी भरून काट्यावर

मंडळी, रविवारी ट्रेलर पूर्ण भरून साताऱ्याबाहेरच्या वजनकाट्यावर नेला. मोकळा होता तेव्हा 610 किलो. पाणी 80, बॅटरी 50, भरलेलं सिलिंडर 30, शिवाय गाद्या, भांडी, खुर्च्या. काट्यानं 840 दाखवलं. माझ्या गाडीच्या पुस्तकात बिनब्रेकच्या ट्रेलरला 750 ची मर्यादा आहे, तेव्हा ओव्हररन ब्रेक (गाडी हळू झाली की ट्रेलर तिला मागून ढकलतो, त्या ढकलण्यानंच लागणारे ट्रेलरचे ब्रेक) बसवणं आलंच. चढाला इंजिन ओढतं, त्याची काळजी नाही. यवतेश्वरचा घाट उतरताना मात्र ते 840 किलो गाडीच्याच ब्रेकवर येतात.

खरी धास्ती हुकावरच्या वजनानं बसली, म्हणजे ट्रेलरची दांडी गाडीमागच्या हुकावर जेवढा भार टाकते त्यानं. उसाच्या ट्रॉल्या तोलणारा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानं सांगतो, म्हणून हे माप घरी घेतलं. सपाट अंगण, ट्रेलर समपातळीत, चाकांना दगड, दांडीच्या टोकाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली माणसांचा वजनकाटा. भरलं 40 किलो! एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर हवा, इथं पाचही नव्हता. वडिलांनी एकदा बघितलं नि म्हणाले, "उलाळ झालीय रे गाडी." बैलगाडीत मागं माल जास्त झाला की जू वर उचलतं, तेच हे. हायवेच्या वेगात असा ट्रेलर डोलायला लागला की पुढच्या गाडीलाही हलवतो.

पाण्याची टाकी ॲक्सलच्या मीटरभर मागं बसवली होती, चूक तिथंच. ती बरोबर ॲक्सलवर आणली, बॅटरी दांडीकडं सरकवली. आता हुकावर 92 किलो, म्हणजे 11 टक्के.

पण हे 92 गाडीच्या वजनात धरावे लागतात, ते विसरू नका. हूक मागच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर मागं आणि दोन ॲक्सलमध्ये 2.7 मीटर, त्यामुळं तरफेसारखं होऊन मागच्या ॲक्सलवर 133 किलो वाढतात नि पुढची चाकं 41 नं हलकी होतात. चार माणसं आणि सामान धरून गाडी 2,380 भरली, कमाल वजन 2,510. हुकाचा भार धरल्यावर उरले 38 किलो. टपावरचा कॅरियर काढून ठेवलाय.

ब्रेक बसले की आधी रिकामी टाकी घेऊन यवतेश्वर चढून-उतरून बघणार, मग भरून कासला.