विंडोलँडातला छोटा बूट

काचेमागे एक इवलासा चामड्याचा बूट होता, माझ्या तळहातावर मावेल एवढा, आणि माझा पाय तिथून निघेचना.

काल इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलँडला विंडोलँडाचा रोमन किल्ला बघितला. रोमन साम्राज्याच्या सरहद्दीवरची हेड्रियन बादशहाची भिंत इ.स. 122 ला बांधायला घेतली, हा किल्ला त्याच्याही आधीचा. चिखलात हवा पोचली नाही म्हणून चामडं, लाकूड सगळं टिकलं, बूटच 5000 च्या वर निघालेत.

शेजारी उभ्या असलेल्या एक आजी हळूच म्हणाल्या, "आई किती ओरडली असेल ना याला, बूट हरवला म्हणून."

तेच डोक्यात बसलंय. सरहद्द म्हटली की आपल्याला शिपाई आणि भालेच दिसतात, पण इथे सापडलेल्या पातळ लाकडी पट्ट्यांवर कोणीतरी लिहिलंय की मोजे पाठवलेत, चड्ड्याही पाठवल्यात, आणि क्लॉडिया सेव्हेरा नावाची एका रोमन अधिकाऱ्याची बायको मैत्रिणीला 11 सप्टेंबरला वाढदिवसाला नक्की ये म्हणते, शेवटच्या ओळी तर स्वतःच्या हाताने लिहून!

येताना रस्त्यालगत मेंढ्या चरत होत्या, इथल्या कितीतरी घरांत नि कुंपणांत त्याच भिंतीचे दगड बसवलेत. मी मात्र त्या बुटाचाच विचार करत होतो. दुसरा बूट कुठे गेला असेल?